विज्ञान सप्ताहाला विधिमंडळाची मान्यता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान मंडळे, शाळा, महाविद्यालये आणि जनविज्ञान संस्था दरवर्षी आपापल्या परीने विज्ञान सप्ताह साजरा करतात. त्याला सभागृहाची किंवा शासनाची अधिकृत मान्यता मिळवायची म्हटली की तेच तेच प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. मुख्य रोख महाराष्ट्रावर आहे. संसद, गोवा, संयुक्त राष्ट्रे आणि अमेरिका यांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन कायद्याने ठरला आहे का?

नाही. राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेने १९८६ मध्ये केंद्र सरकारला तसा प्रस्ताव दिला, सरकारने तो मान्य केला आणि १९८७ पासून हा दिन साजरा होऊ लागला. तो शासकीय निर्णय आहे, संसदेचा कायदा नाही. २३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिनही असाच आहे: चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यानंतर २०२३ मध्ये केंद्राने तो राजपत्रातील अधिसूचनेने जाहीर केला. आपल्याकडचे विज्ञानविषयक दिन बहुतेक सरकारकडून आले आहेत, सभागृहाकडून नाहीत. त्यामुळे 'विधिमंडळाची मान्यता' मागण्याआधी आपल्याला ती नेमकी कशासाठी हवी, हे संस्थेने ठरवून घ्यावे.

मग मान्यतेचे प्रकार किती?

व्यवहारात चार मार्ग आहेत.

पहिला शासन निर्णय. विभागाचा सचिव किंवा उपसचिव सही करतो, त्यात कोणी काय करायचे ते लिहिलेले असते आणि शाळा-कार्यालयांना तो लागू होतो. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन महाराष्ट्रात याच मार्गाने आला.

दुसरा अशासकीय ठराव. मंत्री नसलेला सदस्य तो सभागृहात मांडतो. संमत झाला तरी तो शासनाला केलेली शिफारस असते. ती बंधनकारक नसते, पण सभागृहाच्या कार्यवाहीत कायमची नोंदली जाते.

तिसरा अशासकीय विधेयक. ते संमत झाले तर कायदा होतो. पण हा रस्ता फार अरुंद आहे. संसदेत आजवर फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातला शेवटचा १९७० सालचा. एका सप्ताहासाठी या मार्गाला लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चौथा मंत्र्यांचे सभागृहातील आश्वासन. याला कमी लेखू नका. मंत्री 'विचार करू', 'तपासून निर्णय घेऊ' असे बोलले की ते शब्द आश्वासन समितीच्या (मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला का, हे पाहणाऱ्या आमदारांच्या समितीच्या) नजरेखाली येतात. लोकसभेत आश्वासनपूर्तीसाठी तीन महिन्यांची मुदत असते. विधिमंडळातही ही समिती विभागाकडून पूर्ततेचा हिशेब मागते. ठराव मागे घेतला गेला तरी आश्वासन उरते.

ठराव बंधनकारक नसेल तर तो करायचाच कशाला?

कारण शासन निर्णय एका कार्यालयातून निघतो आणि दुसऱ्या कार्यालयाच्या फेरबदलात बाजूला पडतो. सभागृहाने शिफारस केलेली असली की पुढच्या वर्षी कोणताही आमदार तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) टाकून विचारू शकतो: शिफारशीवर काय कार्यवाही केली, किती शाळांत सप्ताह झाला, किती खर्च झाला? उत्तर द्यावेच लागते. ठरावाची खरी किंमत त्या दिवशीच्या टाळ्यांत नसते, दरवर्षी विचारता येणाऱ्या या प्रश्नात असते. म्हणूनच ठरावाच्या मजकुरात अहवालाची अट हवी.

ठरावाचा मजकूर कसा लिहावा?

एकच विषय, नेमके शब्द, युक्तिवाद नाही. लोकसभेच्या नियम १७३ नुसार ठरावात युक्तिवाद, अनुमाने, उपरोध किंवा कोणाची बदनामी चालत नाही. ठराव एका निश्चित मुद्द्यापुरता असावा लागतो आणि न्यायप्रविष्ट बाबींना हात लावता येत नाही. विधानसभेसाठी मजकूर करतानाही हेच पथ्य पाळा. सीव्ही रामन यांची थोरवी, विज्ञानाचे महत्त्व, अंधश्रद्धेचे तोटे हे सगळे आमदारांच्या भाषणाच्या टिपणात द्या. ठरावात घातलेत तर मजकुराला कात्री लागते आणि दुरुस्तीत दिवस जातात.

नमुना असा:

'ही विधानसभा शासनास शिफारस करते की, दर वर्षी २२ ते २८ फेब्रुवारी हा कालावधी राज्यात विज्ञान जागृती सप्ताह म्हणून पाळण्यात यावा, त्याच्या आयोजनासाठी शालेय शिक्षण विभागास समन्वय विभाग म्हणून नेमण्यात यावे आणि प्रत्येक सप्ताहाचा अहवाल त्यानंतरच्या पावसाळी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवण्यात यावा.'

यात तीन गोष्टी आहेत: तारखा, जबाबदार विभाग, अहवाल. यातले एकही अंग कापू देऊ नका. विभागाचे नाव सर्वांत महत्त्वाचे. विज्ञानाचा विषय शालेय शिक्षण, उच्च व तंत्र शिक्षण, आरोग्य, कृषी, पर्यावरण अशा सगळ्यांना थोडाथोडा लागू होतो. 'शासनाने सप्ताह पाळावा' एवढेच लिहिले तर प्रत्येक विभाग कागद शेजारच्या विभागाकडे 'उचित कार्यवाहीसाठी' पाठवतो आणि फेब्रुवारी निघून जातो.

आमदार कसा निवडायचा?

मंत्र्यांना अशासकीय ठराव मांडता येत नाही, म्हणजे मंत्री नसलेला सदस्य हवा. आपल्या मतदारसंघातला आमदार ही सोपी निवड आहे. पण विधान परिषदेकडे लोक पाहतच नाहीत, ते जरूर पाहा. परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षक मतदारसंघांच्या आणि सात पदवीधर मतदारसंघांच्या आहेत. शाळांचे वेळापत्रक, परीक्षा, अशैक्षणिक कामांचा ताण या गोष्टी या सदस्यांना समजावून सांगाव्या लागत नाहीत. शिवाय राज्यपालनियुक्त बारा सदस्य ज्या क्षेत्रांतून घ्यायचे त्यांत घटनेच्या अनुच्छेद १७१(५) नुसार साहित्य, कला, सहकार आणि समाजसेवा यांच्याबरोबर विज्ञानही आहे.

शक्य तर वेगवेगळ्या पक्षांचे दोन-तीन सदस्य गाठा. कोणाचा ठराव चर्चेला घ्यायचा हे बॅलटने, म्हणजे सोडतीने ठरते आणि त्यात कोणाचे नाव निघेल हे कोणाच्या हातात नसते. तिघांनी ठरावाची सूचना (लेखी नोटीस) दिली तर एक तरी पुढे सरकण्याची शक्यता वाढते. आणि सर्वपक्षीय विषय आहे म्हटल्यावर मंत्रीही आडमुठेपणा करत नाहीत.

सूचना कधी द्यायची?

इथेच बहुतेकांचे गणित चुकते. फेब्रुवारीतला सप्ताह डोळ्यासमोर ठेवून संस्था डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर आमदारांकडे जातात. ते अधिवेशन छोटे असते. अशासकीय कामकाजाला शुक्रवार मिळतो, म्हणजे हाती एखाद-दोन शुक्रवार. त्यातला एक गोंधळात किंवा लांबलेल्या चर्चेत गेला की संपले. अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होईपर्यंत तर सप्ताह आलेला किंवा उलटलेला असतो.

म्हणून पावसाळी अधिवेशन धरा. एप्रिल-मे मध्ये मजकूर आणि टिपण तयार ठेवा आणि अधिवेशनाची तारीख जाहीर होताच सूचना द्यायला सांगा. पावसाळी अधिवेशनात हुकले तर नागपूर ही दुसरी संधी. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे असतात. ठराव मांडणाऱ्या सदस्याला आणि पहिल्यांदा उत्तर देणाऱ्या मंत्र्यांना ३० मिनिटांपर्यंत, इतरांना १५ मिनिटे. भाषणाचे टिपण त्या मापाने बनवा: दोन पाने पुरतात, वीस पाने कोणी वाचत नाही.

सत्रसमाप्ती झाली, म्हणजे अधिवेशन औपचारिकपणे संपले, की चर्चेला न आलेल्या ठरावाची सूचना आपोआप संपते. पुढच्या अधिवेशनात ती नव्याने द्यावी लागते. 'आमदारसाहेबांनी दिलीय, येईल कधीतरी' म्हणून वाट पाहत बसलेल्या संस्थांचे एकेक वर्ष असे गेले आहे.

मंत्री म्हणाले 'ठराव मागे घ्या, आम्ही निर्णय घेतो', तर?

बहुतेक अशासकीय ठरावांचा शेवट असाच होतो. त्यात नाराज होण्यासारखे काही नाही, पण मागे घेण्यापूर्वी मंत्र्यांच्या तोंडून दोन गोष्टी वदवून घ्यायला सदस्यांना सांगा: शासन निर्णय कधीपर्यंत निघेल आणि कोणता विभाग काढेल. नंतर त्या दिवसाच्या कार्यवाहीची प्रत मिळवा आणि त्यातील नेमके वाक्य उद्धृत करून विभागाला पत्र द्या. पत्राला आवक क्रमांक घ्या. ठराव मागे घेतल्याच्या बातमीचे कात्रण जोडून उपयोग होत नाही, कार्यवाहीतले वाक्य लागते.

शासन निर्णयात काय पाहायचे?

शासन निर्णयाची रचना ठरलेली असते: वर विभाग, क्रमांक आणि दिनांक, मग 'वाचा' (आधीच्या संदर्भांची यादी), 'प्रस्तावना', 'शासन निर्णय' आणि शेवटी 'प्रति' ही यादी. लोक प्रस्तावना वाचून खूश होतात. तुम्ही 'शासन निर्णय' या शीर्षकाखालची कलमे आणि 'प्रति'ची यादी वाचा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक), महापालिकांचे शिक्षण विभाग, आदिवासी विकास आणि समाजकल्याणच्या आश्रमशाळा 'प्रति'त नसतील तर त्यांच्यापर्यंत काहीही पोहोचणार नाही. आश्रमशाळा शालेय शिक्षण विभागाखाली नसल्याने हमखास सुटतात. ज्या मुलांना सप्ताहाची सर्वांत जास्त गरज, तीच बाहेर राहतात.

खर्च असेल तर दोन खुणा शोधा: वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आणि लेखाशीर्ष (खर्च अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून होणार, तो सांकेतिक क्रमांक). या दोन्ही नसतील तर 'निधी उपलब्ध करून देण्यात येईल' या वाक्याच्या भरवशावर मांडववाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. शेवटी संगणक संकेतांक आणि 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ असते. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून प्रत खरी असल्याची खात्री करा. व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने किंवा अर्धवट निर्णय पुष्कळ असतात.

विधेयकच आणायचे ठरवले तर काय अडते?

पैसा. विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, खर्च होणार असेल तर अनुच्छेद २०७(३) नुसार राज्यपालांची शिफारस मिळाल्याशिवाय सभागृहाला ते संमत करता येत नाही. संसदेत हेच काम अनुच्छेद ११७(३) करतो आणि तिथे शिफारस राष्ट्रपतींची लागते. त्याशिवाय उद्देश व कारणांचे निवेदन आणि वित्तीय ज्ञापन (खर्चाचा अंदाज देणारे टिपण) जोडावे लागते. लोकसभेत सूचनेसाठी एक महिन्याचा कालावधी असतो. विधेयक दोन्ही सभागृहांत संमत व्हावे लागते, तर ठरावाला एक सभागृह पुरते.

तारखा कोणत्या निवडाव्यात?

२२ ते २८ फेब्रुवारी हा स्वाभाविक पर्याय आहे. २०२२ मध्ये केंद्राने 'विज्ञान सर्वत्र पूज्यते' हा उपक्रम याच तारखांना देशात ७५ ठिकाणी घेतला होता. मोजणीत मात्र चूक होते. २१ ते २८ लिहिले की आठ दिवस होतात. दोन्ही टोके धरून मोजा.

खरी अडचण परीक्षांची आहे. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते. २०२५ मध्ये बारावी ११ फेब्रुवारीला आणि दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली. परीक्षा केंद्र असलेल्या शाळेत त्या आठवड्यात वर्ग रिकामे नसतात, शिक्षक पर्यवेक्षणावर असतात आणि ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणून ठरावाबरोबरच्या टिपणात लिहून द्या: परीक्षा केंद्र असलेल्या शाळांना जानेवारीतला कोणताही सलग आठवडा निवडण्याची मुभा असावी. एवढी सोय नसली की शाळा कागदोपत्री सप्ताह 'संपन्न' करतात.

दुसरा पर्याय ४ ते १० ऑक्टोबरचा जागतिक अंतराळ सप्ताह. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ६ डिसेंबर १९९९ च्या ठराव ५४/६८ ने तो जाहीर केला. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक-१ अवकाशात गेला आणि १० ऑक्टोबर १९६७ ला बाह्य अवकाश करार अमलात आला. या दोन तारखांमधला तो आठवडा आहे. दोन्ही टोकांना ठोस कारण असलेला सप्ताह मुलांना समजावणेही सोपे जाते.

११ नोव्हेंबर ज्यात येतो तो आठवडा विज्ञान आणि शांतता यांचा आंतरराष्ट्रीय सप्ताह आहे (आमसभेचा ठराव ४३/६१, ६ डिसेंबर १९८८). आपल्याकडे तो दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे पडतो, त्यामुळे शाळांसाठी अवघड.

२० ऑगस्टला, म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या स्मृतिदिनी, जनविज्ञान चळवळीतल्या संस्था राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन पाळतात. तीनच दिवसांनी अंतराळ दिन येतो. २० ते २६ ऑगस्ट हा आठवडा परीक्षांपासून दूर आहे आणि आशयाच्या दृष्टीने आम्हाला सर्वांत भरीव वाटतो. पावसामुळे मैदानी कार्यक्रम होत नाहीत, पण वर्गातले प्रयोग उत्तम होतात.

एकदा ठरलेल्या तारखा बदलू नयेत. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा पूर्वी १ ते १५ जानेवारी होता, पुढे तो १४ ते २८ जानेवारी झाला. अशा बदलानंतर काही वर्षे शाळा जुन्या परिपत्रकावर चालतात.

भाषणाच्या टिपणात कोणत्या चुका नेहमी होतात?

२८ फेब्रुवारी ही रामन यांची जयंती नाही. ती ७ नोव्हेंबर (१८८८). हा त्यांना नोबेल मिळाल्याचा दिवसही नाही. नोबेल १९३० चे. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात रामन परिणामाचा (पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, याचा) शोध लागल्याची नोंद आहे आणि त्या कामात के. एस. कृष्णन यांचा मोठा वाटा होता. त्यांचे नाव गाळू नका.

वैज्ञानिक दृष्टिकोनाचे मूलभूत कर्तव्य अनुच्छेद ५१क(ज) मध्ये आहे. ते मूळ घटनेत नव्हते, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. १९५८ चा वैज्ञानिक धोरण ठराव हा सरकारचा ठराव होता, पंडित नेहरूंनी तो लोकसभेत मांडला. त्याला कायदा म्हणू नका. सभागृहात चुकीची तारीख वाचली गेली तर विरोधक ती पकडतात आणि चर्चा तिथेच अडकते.

सप्ताहाला मान्यता मिळाली की सुट्टी मिळते का? राजमुद्रा वापरता येते का?

दोन्हींना उत्तर नाही. सार्वजनिक सुट्ट्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली जाहीर होतात, त्याचा इथे संबंध नाही. शाळा भरलेली असणे हीच तर सप्ताहाची गरज आहे. राजचिन्हाच्या वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत. फलकावर अशोकस्तंभ छापू नका. 'महाराष्ट्र शासनाच्या विज्ञान सप्ताहानिमित्त' असे अक्षरांत लिहिणे पुरेसे आहे आणि त्याआधी निर्णयात खासगी संस्थांच्या सहभागाबद्दल काय म्हटले आहे ते वाचा.

आचारसंहिता लागली तर?

नवीन घोषणा आणि नवा निधी थांबतो. आधीच निघालेल्या निर्णयानुसार वर्गातले कार्यक्रम होऊ शकतात, पण मंत्री किंवा उमेदवार पाहुणे म्हणून नकोत. शंका असल्यास जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

गोव्यात प्रक्रिया वेगळी आहे का?

गोव्यात एकच सभागृह आहे, सदस्य ४०. शुक्रवारचे अशासकीय ठराव तिथे गंभीरपणे घेतले जातात. छोट्या राज्यात आमदारांना गाठणे आणि नंतर पाठपुरावा करणे, दोन्ही सोपे पडते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांना असे काही करता येईल का?

राज्याचे गव्हर्नर आणि शहराचे महापौर विनंतीवरून उद्घोषणा देतात. त्यासाठी मजकूर तुम्हीच लिहून द्यायचा असतो. संघराज्य पातळीवर मात्र १९९५ पासून प्रतिनिधिगृहाच्या नियमांनी दिन-सप्ताह साजरे करणारी विधेयके आणि ठराव मांडायला बंदी आहे. त्याआधीच्या वर्षांत काँग्रेसने संमत केलेल्या कायद्यांत अशा दिन-सप्ताहांचाच भरणा झाला होता. सिनेटमध्ये असे ठराव अजून संमत होतात.

विधिमंडळापर्यंत जाणे जमत नसेल तर?

ग्रामसभेपासून सुरुवात करा. ग्रामसभेचा ठराव, नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव किंवा महापालिकेत नगरसेवकाने दिलेली ठरावाची सूचना यातून स्थानिक शाळांपुरती व्यवस्था होते. अशा दहा-पंधरा ठरावांच्या प्रती जोडलेले निवेदन आमदारांच्या हातात पडले की त्याचे वजन वेगळे असते.

सप्ताहात वर्गात दाखवायचे काय?

रामन परिणाम शाळेत दाखवता येत नाही, विखुरलेला प्रकाश फार क्षीण असतो. पण वर्णपट, म्हणजे प्रकाशातले सुटे झालेले रंग, दाखवता येतो. बुटाचा खोका, एका बाजूला ब्लेडच्या दोन पात्यांमधली अगदी बारीक उभी फट, समोरच्या टोकाला तिरकी ठेवलेली जुनी सीडी आणि वरून डोळा लावायला भोक. सीडीवरच्या रेषांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असते, म्हणजे मिलिमीटरला सुमारे ६२५ रेषा. सीएफएल दिव्याकडे धरले की रंगांचे सुटे पट्टे दिसतात, एलईडीकडे धरले की सलग पट्टा. फरक का, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. पट्टे पुसट दिसले तर फट रुंद झालेली असते किंवा खोक्यात बाहेरचा उजेड शिरत असतो. काळा कागद आणि चिकटपट्टी लावा. खोका सूर्याकडे कधीही धरू देऊ नका.

वक्ता बोलावणार असाल तर विषयाचा गोषवारा आधी लेखी मागवा. चमत्कारी पाणी आणि चुंबकीय उपचार विकणारे लोक विज्ञान सप्ताहाचे व्यासपीठ शोधत असतात.

निर्णय निघाला, पण शाळेला परिपत्रकच मिळाले नाही. काय करावे?

आधी शिक्षणाधिकारी कार्यालयात तोंडी विचारा, बऱ्याचदा ते ई-मेलमध्ये पडून असते. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीनच गोष्टी मागा: परिपत्रक कोणत्या तारखेला मिळाले, पुढे कोणत्या शाळांना कोणत्या तारखेला पाठवले, आणि शाळांकडून आलेल्या अहवालांच्या प्रती. 'सविस्तर माहिती द्यावी' असे मोघम लिहिले तर अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. अर्ज मार्चमध्येच टाका, म्हणजे उत्तर पावसाळी अधिवेशनाआधी हाती येते आणि तारांकित प्रश्नासाठी तेच कागद आमदारांना देता येतात.